मालकांची दाढी

पूर्वीच्या बायका नवऱ्याला मालक म्हणायच्या. मी कधी म्हटलं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ह्यांना सांगून टाकलं होतं, की चारचौघांत अहो-जाहो करीन, पण मालकबिलक माझ्याच्याने होणार नाही. शेवटी म्हणायला लावलं ते कंपनीने. रोज सकाळी ह्यांच्या मोबाइलवर निरोप येतो, 'सुप्रभात भागीदार! तुम्ही तुमच्या वेळेचे मालक आहात. आज किती कमवायचं ते तुम्हीच ठरवा!' ह्यांनी ठरवलेलं असतंच. कंपनीने वेगळं ठरवलेलं असतं, एवढंच.

तर माझे मालक स्कूटरवरून लोकांच्या दारात जेवण, औषधं, चार्जर, वाढदिवसाचे केक पोचवतात. स्कूटर मालकांची, पेट्रोल मालकांचं, पंक्चर झालं तर तेही मालकांचं आणि घसरून पडले तर फुटलेला गुडघाही मालकांचाच. कंपनीने कशालाही हात लावलेला नाही. फक्त पैसे आले की आधी तिच्याकडे जातात आणि तिथून वाट काढत, जमेल तेवढे आमच्याकडे येतात.

मीही मालकीणच बरं का. दुसऱ्या एका कंपनीच्या ॲपवर लोक मला घरी बोलावतात. भुवया, फेशियल, वॅक्सिंग, केस कापणं. ॲपवर माझं पद आहे 'सौंदर्य भागीदार'. पाठीला मेणाचा डबा, टॉवेल, घडीची खुर्ची असं सगळं बांधून चार जिने चढून गेल्यावर दार उघडणारी बाई आधी माझ्या घामाकडे बघते. सौंदर्याचं पुढे बघू. नाव मोठं, लक्षण खोटं म्हणतात ते आमच्याकडे बघूनच म्हणत असावेत.

असे आम्ही दोन मालक एका भाड्याच्या खोलीत राहायचो. तिसऱ्या मजल्यावर. सोबत सासूबाई.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. मागच्या वर्षी डॉक्टरकडून परत आलो, तेव्हा त्या तीन जिन्यांवर अशा काही हाशहुश करत चढल्या, की मजल्यामजल्यावरची दारं उघडून माणसं बघायला आली. वर पोचल्यावर खाटेवर बसल्या, घटाघटा पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "झालं. आता मला खाली न्याल ते चौघांच्या खांद्यावर." बाईंनी शब्द पाळला. त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नाही. दिवसभर खिडकीत. खाली कुणाचं दूधवाल्याशी भांडण झालं, कुणाची सून माहेरी गेली, सगळं त्यांना वरूनच कळायचं. पण वरून बोलता यायचं नाही ना. ओरडून बोललं तर सगळ्या गल्लीला कळतं आणि मग त्यात मजा नाही, असं त्या म्हणायच्या. मग राहिलेलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला यायचं.

त्यांच्याजवळ बटणांचा एक जुना मोबाइल आहे. तो महिनाभर मुका असतो. पहिल्या तारखेला सकाळी टिंग वाजतो. मग सासूबाई खिडकीतून मान वळवून मला म्हणतात, "आले बघ तुझे सासरे."

सासरे पाणीखात्यात होते. शहराचे व्हॉल्व्ह फिरवायचे. पहाटे ह्या भागाचं पाणी सोड, त्या भागाचं बंद कर. सगळा जन्म गेला त्यात. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या पेन्शनीचा सासूबाईंच्या वाट्याचा हिस्सा पहिल्या तारखेला न चुकता येतो. हिस्सा कसला, चिमणीचा घास. औषधं आणली की संपला. पण त्या टिंगवर बाईंचा तोरा काय! "तुझ्या सासऱ्यांनी कधी खाडा केला नाही. अजून करत नाहीत," असं म्हणून आमच्या मालकांकडे एक कटाक्ष. मी मनात म्हणायची, हो हो, तुमचे ते मेले तरी नोकरी सुटली नाही आणि आमचे हे जिवंत असून रोज नवी नोकरी शोधतात. मनातच म्हणायची. घर लहान होतं.

आणि त्यातच खोलीवाल्याने सांगितलं, मुलाचं लग्न ठरलंय, महिनाअखेर खोली सोडा. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय.

आम्ही दलाल गाठला. त्याने दाखवलेल्या पहिल्या दोन खोल्या चौथ्या मजल्यावर होत्या. तिसरी तळमजल्यावर, दोन गल्ल्या सोडून. दार थेट रस्त्यावर उघडणारं. मध्ये फक्त एक पायरी, तीही बुटकी. आत नळ, स्वतःचं संडास-बाथरूम आणि दाराशी एक खुर्ची मावेल एवढी फरशी. मी त्या दारात उभी राहिले आणि मला सासूबाई दिसल्या. खुर्ची टाकून बसलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चौकशा करणाऱ्या, "तुझ्या सुनेचं काय झालं गं" म्हणणाऱ्या. माझा पिच्छा सुटेल हा स्वार्थ त्यात होताच, नाही कशाला म्हणू. पण वर्षभर पायाला जमीन न लागलेली म्हातारी मला तिथे दिसली आणि माझा जीव त्या खोलीत अडकला. दुसरी बघायची नाही, हीच हवी, असं मी दलालाला तिथेच सांगून टाकलं. घासाघीस करताना असं बोलायचं नसतं हे मला कळतं, पण बोलले.

खोली एका निवृत्त हेडमास्तरांची. ते वरच्या मजल्यावर राहायचे. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, "यजमान काय करतात?"

मी म्हटलं, "भागीदार आहेत."

"कशात?"

"पोचवण्यात."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, माझा एकच नियम आहे. पक्की नोकरी. मागे एक चित्रकार ठेवला होता, एक विमा विकणारा ठेवला. दोघेही सज्जन. दर महिन्याला दोघेही मला फार छान कारणं सांगायचे."

मी हार मानणाऱ्यातली नाही. म्हटलं, "मास्तर, पगाराची चिठ्ठी नाही, पण ॲपवर सगळी कमाई दिसते. महिन्यामहिन्याची, चित्र काढून. ह्यांना लोकांनी दिलेले तारेही दिसतात. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा."

मास्तरांना परीक्षा घ्यायला मिळाली म्हणून बरं वाटलं असावं. "रविवारी दहाला या. यजमानांना आणा. मोबाइल आणा."

जिना उतरताना दलाल हळूच म्हणाला, "वहिनी, बाकी सगळं ठीक, पण साहेबांची ती दाढी... मास्तरांना दाढीचं वावडं आहे. शाळेत असताना मास्तर दाढीवाल्या शिक्षकांना वर्गात पाऊल ठेवू द्यायचे नाहीत."

एवढंच ना! अहो, दाढी काढणं म्हणजे माझ्या घरचं काम. शनिवारी संध्याकाळी मी ह्यांना आरशासमोर बसवलं, गळ्याला टॉवेल गुंडाळला आणि बॅग उघडली.

आता सांगायची गोष्ट म्हणजे लग्नात हे दाढीसकट मिळाले होते. खाली काय आहे ते मीही कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. हे म्हणाले, "अगं, जरा बारीक केली तर नाही का चालणार?" मी म्हटलं, "मास्तर पक्की नोकरी मागतायत, बारीक नोकरी नाही." मशीन फिरवलं. मग फेस, मग वस्तरा, मग गरम टॉवेल. बाहेर याच कामाचे मी पैसे घेते आणि लोक मला पाच तारे देतात. खालून निघाली एक गोरीपान हनुवटी, मधोमध खळी असलेली.

सासूबाई खिडकीतून वळल्या आणि बघतच राहिल्या. "अगं बाई! थेट बाप!" म्हणाल्या. "ये रे इकडे." ह्यांच्या हनुवटीला हात लावून बाईंनी डोळ्याला पदर लावला. "कुठे होतास रे इतकी वर्षं?"

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हे आरशात बघून म्हणाले, "बरा दिसतो का मी?" मी म्हटलं, "पक्की नोकरी असल्यासारखे दिसता." कापलेली दाढी वर्तमानपत्रात गुंडाळून मी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुतले. हात दाखवून अवलक्षण कसं असतं, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ह्यांनी कमाईचं पान उघडायला ॲप सुरू केलं. तर ते म्हणालं, 'चेहरा दाखवा.' हे नेहमीचंच. एकाच्या खात्यावर दुसरा काम करू नये म्हणून कंपनी अधूनमधून चेहरा मागते. ह्यांनी दाखवला. 'चेहरा जुळत नाही.' खिडकीजवळ उजेडात जाऊन परत दाखवला. 'चेहरा जुळत नाही. हे खातं दुसरी व्यक्ती वापरत असल्याचा संशय आहे. आता एकच संधी. त्यानंतर खातं तपासणीसाठी बंद होईल.'

आमच्या तोंडचं पाणी पळालं. ओळखपत्रावरचा ह्यांचा फोटो कॉलेजातला, बिनदाढीचा, अगदी आत्ता दिसतात तसा. तो पाठवला. उत्तर आलं, 'ओळखपत्रावरील व्यक्ती आणि भागीदार वेगळे दिसतात.' म्हणजे सरकार म्हणतं हा तोच. जन्म दिलेली आई म्हणते हा तोच. आणि जिने ह्यांना कधी डोळ्यांनी पाहिलंही नाही ती कंपनी म्हणते, हा कोण उपटसुंभ?

मग ह्यांनी मदतीच्या खिडकीत लिहिलं, 'मी दाढी काढली आहे.'

उत्तर आलं, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ऑर्डरचा क्रमांक द्या.'

'ऑर्डर नाही. दाढी. माझी दाढी.'

'समजलं. आपली दाढी पोचली नाही का?'

मी मोबाइल हिसकावून घेतला, नाहीतर ह्यांनी तो खिडकीतून टाकला असता आणि सासूबाईंची करमणूक झाली असती. दहा वाजायला अजून वेळ होता. मी ह्यांच्याकडे बघितलं, मग कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. हेही तिकडेच बघत होते.

"नाही हं," हे म्हणाले.

"बसा," मी म्हटलं.

माझ्या बॅगेत खोट्या पापण्या चिकटवायचा गोंद असतो. वर्तमानपत्राची पुडी उघडली, दाढीतली बटाट्याची सालं निवडून काढली आणि चिमटीचिमटीने ह्यांची दाढी ह्यांनाच परत लावायला बसले. नवरीचा मेकअप केला असता एवढ्या वेळात. मध्येच ह्यांना शिंक आली आणि एक गाल पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. शेवटी लांब उभं राहून बघितलं. वाईट नव्हतं. जवळून बघायचं नाही, एवढंच.

शेवटची संधी. ह्यांनी श्वास रोखून मोबाइल समोर धरला. 'स्वागत आहे, भागीदार!'

मी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या दाढीचा वेष घेतल्यावर माझा नवरा स्वतः असल्याचं सिद्ध झालं. सासूबाई मात्र नाक मुरडून म्हणाल्या, "हा कसला अवतार? कालचा बरा होता."

ॲप पुन्हा कधी चेहरा मागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून दाढी तशीच ठेवून जायचं ठरलं. मास्तरांना दाढीचं वावडं असेल, पण दाढी चालवून घेतील. मोबाइलच उघडला नाही तर काय बघतील? सगळा विचार केला होता मी. फक्त हेल्मेटचा पट्टा विसरले. मास्तरांच्या दाराशी ह्यांनी हेल्मेट काढलं, तर डावी बाजू हेल्मेटबरोबर निघून आली.

"गालावर हात ठेवा," मी म्हटलं. "दाढ दुखतेय म्हणा."

मास्तर बाहेरच आले होते. "या, बसा. दाढ का? लवंग धरा."

हे गाल धरून बसले. मास्तरांनी मोबाइल हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि कमाईचं पान वाचायला लागले. वाचायचं काय, उभे पट्टे होते, एक उंच, एक बुटका, मग दोन बुटके, मग एक मधलाच. पडलेल्या दातांसारखे.

"हा महिना एवढा खाली कसा?"

"आई आजारी होती," हे म्हणाले. "आठवडाभर घरी होतो."

"मग रजा नाही?"

"रजा घेता येते की. हवी तेवढी. पैसे नाही मिळत."

"आणि हा? इथेही आजारी?"

"नाही. तेव्हा कंपनीने दर बदलला."

"बदलला म्हणजे? तुम्हाला विचारलं नाही?"

मला राहवलं नाही. "मालकांना कोण विचारतं, मास्तर?" मी म्हटलं.

मास्तरांनी मोबाइल खाली केला. "बरं, मागचं जाऊ दे. पुढच्या महिन्यात किती मिळतील?"

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने एक बरासा आकडा सांगितला असता. आमच्या ह्यांनी गाल धरूनच विचार केला. खरोखर विचार केला. मग म्हणाले, "सांगता येत नाही."

"साधारण?"

"साधारणही नाही सांगता येत."

मी पायाने ह्यांचा पाय दाबला. त्याच वेळी मास्तरांच्या हातातला मोबाइल थरथरला. मास्तरांनी तो परत नाकाजवळ नेऊन मोठ्याने वाचलं, "चेहरा दाखवा. म्हणजे काय?" आणि आम्ही 'थांबा, थांबा' म्हणेपर्यंत त्यांचं बोट कुठेतरी लागलं. खट्ट आवाज झाला. मास्तरांनी पुढचं वाचलं, "व्यक्ती जुळत नाही. खातं तपासणीसाठी बंद करण्यात आलं आहे." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "अहो, पण मी जुळीन कसा?"

ह्यांचा हात गालावरून आपोआप खाली आला. अर्धी दाढी, अर्धा गोंद.

मास्तर बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता मास्तर पाढे म्हणायला लावतात.

आणि मग मी सुरू झाले. माझा आवाज चढला. चढायलाच हवा होता. म्हटलं, "होय, खोटी आहे! म्हणजे खरी आहे, ह्यांचीच आहे, पण चिकटवलेली. तुम्हाला दाढी चालत नाही म्हणून काढली आणि कंपनीला दाढीशिवाय चालत नाही म्हणून लावली. सकाळपासून ह्या माणसाने एक शब्द उलटून बोललेला नाही. दिवसाला बारा-बारा तास स्कूटर हाकतात, कधी कुणाचा एक वडा... एक घास इकडचा तिकडे केला नाही. आम्ही चोर नाही, मास्तर. आम्ही कामाला कमी नाही. घरात तीन माणसं, त्यातली एक वर्षभर तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलीय. तिला तुमच्या दारातली ती फरशी हवी आहे. दुसरं काही नाही. आणि तुम्ही विचारता साधारण किती. साधारण माणसाला साधारण काय मिळतं, तेच तर आम्हाला कुणी सांगत नाही!"

बोलता बोलता मला रडू आलं. मला स्वतःचाच राग आला, कारण रडायचं ठरलं नव्हतं.

मास्तरांनी मला पाणी दिलं. मग खुर्ची ओढून ह्यांच्या समोर बसले आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागले. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराशी बोलतात तसे.

"हे बघा, मला किती येतात ते नको. येतात का, ते हवं. ठरलेल्या तारखेला, न चुकता. तुमच्या घरात असं कुणाचं येतं का? कुणाचंही?"

मी नाक पुसत मान हलवली. पण हे म्हणाले, "बाबांचं येतं."

"मग हे आधी नाही का सांगायचं! कुठे असतात नोकरीला?"

"पाणीखात्यात."

"पक्की नोकरी?"

"पक्की."

"मग त्यांना का नाही आणलंत?"

"ते वारले," हे म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

मास्तर हसले नाहीत. मीही हसले नाही, आणि तुम्हाला सांगते, हसण्यासारखं होतं. "पेन्शन," मास्तर म्हणाले. "आईंना मिळते. कधी चुकली?"

"एकदाही नाही."

"मग करार आईंच्या नावाने करू," मास्तर म्हणाले. आमच्यापुढे जे भाडं होतं, त्याचं अर्धंही त्या पेन्शनीत निघालं नसतं. हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. बाकीचं आम्ही दोघे मालकच भरणार होतो. पण नियम म्हणजे नियम. "दोन गोष्टी," ते म्हणाले. "सही करायला त्यांनी स्वतः यायचं. माझ्यासमोर. आणि करारात एक ओळ राहील. पेन्शन चालू आहे तोवर खोली."

म्हणजे सासूबाई आहेत तोवर. मास्तर ते बोलले नाहीत, माणूस वाईट नव्हता. मला ते दारातून बाहेर पडल्यावर नीट समजलं आणि मी तिथल्या पायरीवर दोन मिनिटं बसून राहिले.

घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे घर माझ्या नावावर?"

"करार, आई."

"तेच ते. म्हणजे आता तू माझ्या घरात राहणार."

"हो आई."

"आणि हा?"

"हेही."

बाईंचे गुडघे निम्मे तिथेच बरे झाले. तरी तीन जिने होतेच. दुसऱ्या दिवशी ह्यांना काम नव्हतं, मालकांचं खातं तपासणीत होतं ना. ह्यांनी त्यांना पाठुंगळीला घेतलं, मी मागून टेकू दिला. दारं उघडून पुन्हा सगळे बघायला आले. दुसऱ्या मजल्यावर हे दम खायला थांबले, तेव्हा सासूबाई ह्यांच्या कानात म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावर म्हटलं होतं मी. बाकीचे तिघं कुठायत?"

"आई, हसवू नकोस. पडू."

खाली आल्यावर ह्यांनी त्यांना हळूच उभं केलं. त्यांनी एक चप्पल काढली आणि नुसता पाय रस्त्यावर टेकवला. "तापलीय गं," म्हणाल्या. मग दुसरीही काढली. त्या तापलेल्या रस्त्यावर सासूबाई माझा दंड धरून अनवाणी उभ्या राहिल्या आणि मी त्यांना चप्पल घाला असं म्हटलं नाही.

मग स्कूटरवर मागे बसवून ह्यांनी त्यांना दोन गल्ल्या पलीकडे नेलं. मास्तर करार घेऊन खालीच आले होते, त्या बुटक्या पायरीपाशी. नाव लिहिलं, वय लिहिलं. "व्यवसाय?" त्यांनी विचारलं.

"लिहा, पाणीखातं," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी क्षणभर पेन थांबवलं आणि तसंच लिहिलं. "सोबत राहणारे?"

"एक मुलगा, एक सून," सासूबाई म्हणाल्या. "दोघंही मालक आहेत. त्यांचं काही धरू नका."

तर आता आम्ही तळमजल्यावर राहतो. सासूबाई दिवसभर दारात असतात. अख्ख्या गल्लीला त्यांनी सळो की पळो करून सोडलंय. ह्यांची तपासणी चांगली महिनाभर चालली. तेवढ्यात दाढी आपोआप वाढली, ह्यांनी चेहरा दाखवला आणि कंपनी म्हणाली, 'परत आल्याबद्दल आनंद आहे!' जणू हेच कुठे हिंडायला गेले होते. आता ती दाढी ह्यांची राहिली नाही, कंपनीची झाली. तिला कात्री लावायची सोय नाही. कधीमधी सासूबाई दाढीवरून हात फिरवून खालची हनुवटी चाचपतात, आहे ना बघतात.

मी पूर्वी सासूबाईंना उलट उत्तर द्यायची. आता त्यांचं मीठ कमी केलंय, साखर कमी केलीय, गोळ्या वेळेवर देते. त्या खोकल्या की आम्ही दोघंही एकदम ताठ बसतो. 'आई, शंभर वर्षं जगा' असं मी परवा म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून म्हणाले. त्यात माया किती आणि भीती किती हे मला आता वेगळं काढता येत नाही. मला त्याची लाज वाटते. सासूबाईंना अर्थात सगळं कळतं. परवा दूध जरा पातळ झालं तर म्हणाल्या, "बघ हं, मी गेले तर सामान बांधावं लागेल."

काल पहिली तारीख होती. हे सकाळची एक फेरी करून आले होते, दारातल्या खुर्चीवर बसून बूट काढत होते. ह्यांच्या मोबाइलवर निरोप आला, 'प्रिय भागीदार, आजपासून आपले दर बदलत आहेत.' ह्यांनी तो वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला.

आत खाटेवर टिंग वाजलं.

"आले बघ तुझे सासरे," सासूबाई म्हणाल्या.

आणि हे, एक बूट पायात, एक हातात, खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहिले.